होळीपर्यंत गायला, मग मुका झाला

सल्ला सदराच्या ताईंना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. मुक्काम दारव्हा तालुक्यातलं एक खेडं. पोरगा पुण्याला असतो. दिवाळीत आला तेव्हा इंटरनेटवरून गाणी आणणारी म्युझिक स्ट्रीमर नावाची डबी आणली आणि माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून दिली. होळीपर्यंत काय गायली म्हणता! आता मात्र संध्याकाळी सात वाजले की गाणं मधेच थांबतं, दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा लागतं, कधी लागतही नाही. लाइन जाऊन आली की मोबाइलवर येतं, ‘डिव्हाइस सापडले नाही’. राउटर समोरच्या ओसरीत, मीटरजवळ ज्वारीच्या कोठीमागे टांगला आहे. स्ट्रीमर अंगणापलीकडच्या माझ्या खोलीत. घर जुनं, मातीचं. नेटवाला पोरगा आला, मोबाइलवर पन्नासची स्पीड दाखवली आणि म्हणाला, ‘गुरुजी, आमच्याकडून सगळं ओके.’ पोरगा म्हणतो, नवा राउटर घ्या. सौ. म्हणते, टेपच बरा होता. त्यात आता कूलर सुरू झाला, त्याच्या घरघरीत तसंही अर्धं गाणं जातं. काय करावं?

गुरुजी, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात राउटर, कोठी आणि ओसरी यांच्यातच अडकले. दुसऱ्यांदा शेवटाकडच्या कूलरपाशी थबकले. तो कुठे बसवलाय हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते: तुमच्या खोलीच्या अंगणाकडच्या खिडकीत. दुसरीकडे कुठे बसवणार? हवा अंगणातूनच यायची. होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरतो, धुतला जातो, नव्या ताट्या लागतात. आपल्या विदर्भातल्या घरोघरचा हा नेम. तुमचा स्ट्रीमरही नेमका होळीलाच रुसला.

आता घर डोळ्यांसमोर आणा. राउटर ओसरीत, स्ट्रीमर अंगणापलीकडे. मधे दीड हात जाडीची मातीची भिंत. अशी भिंत उन्हाला अडवते तशी वाय-फायलाही अडवते. लहरी आरपार जातात, पण धापा टाकत. मग दिवाळी ते होळी तुमचं गाणं कुठून येत होतं? खिडकीतून. लाकडी चौकट, चार गज, एक पडदा, एवढ्याने वाय-फायचं काही बिघडत नाही. घरात शिरायची ती एकच सोपी वाट होती आणि तिच्यातच आपण पत्र्याची पेटी बसवली. पत्रा लहरी परतवून लावतो. पेटीच्या तळाशी पन्नास-साठ लिटर पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. तिन्ही बाजूंना ओल्या ताट्या. खिडकी बंद केली असतीत तरी चाललं असतं, कूलरने ती बुजवली.

त्यामुळे पहिलं काम फुकटचं आहे. एका संध्याकाळी कूलर बंद करा, प्लग काढा, स्टँडसकट खिडकीपासून चार-पाच फूट बाजूला ओढा आणि दोन तास गाणी लावा. उकडेल, पण दोनच तास. गाणं एकदाही अडखळलं नाही तर चोर सापडला.

कूलर हलवूनही गाणं थांबत असेल तर माझा अंदाज चुकला असं समजा आणि पुढचं वाचा. खरं तर सापडला तरी पुढचं वाचाच, कारण तुमच्या पत्रात दुखणी दोन आहेत. गाणं मधेच थांबणं हे एक. लाइन आल्यावर डबी न सापडणं हे वेगळं, त्याचा कूलरशी संबंध नाही.

नेटवाल्या पोराचं म्हणणं खोटं नाही, अपुरं आहे. त्याने स्पीड कुठे बसून मोजली? राउटरजवळ, ओसरीतच ना? विहिरीला पाणी आहे, मोटर पाच एचपीची आहे, हे त्याने दाखवलं. पण ठिबकची नळी मधेच दबली असेल तर शेवटच्या संत्र्याच्या झाडाला त्याचा काय उपयोग? गाण्याला तसंही पाणी फार लागत नाही. साधं चांगल्या दर्जाचं गाणं सेकंदाला ३२० किलोबिट मागतं. सीडीच्या तोडीचं, काहीही न गाळलेलं, १,४११ किलोबिटच्या आतच बसतं. म्हणजे दीड मेगाबिटसुद्धा नाही, आणि तुमच्याकडे पन्नास आहेत. म्हणून कोणी शंभरचा प्लॅन घ्या म्हणालं तर हात जोडा. गाण्याला धार मोठी नको, न तुटणारी हवी. स्ट्रीमर पुढचे काही सेकंद आधीच आणून साठवून ठेवतो, त्यामुळे बारीकसारीक तुटणं कळतच नाही. तुटणं त्या साठ्यापेक्षा लांबलं की आवाज बंद. तुमचे ते दहा-पंधरा सेकंद म्हणजे रिकामा झालेला साठा पुन्हा भरण्याचा वेळ.

मग दबलेली जागा शोधायची कशी? खांबापासून राउटरपर्यंत एक टप्पा. राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत दुसरा. तुमच्या मोबाइलपासून स्ट्रीमरपर्यंत तिसरा. एका वेळी एकच तपासायचा. सगळं एकदम बदललं तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा बिघडलं की पहिलीपासून गिरवावं लागतं.

पहिला टप्पा असा. स्ट्रीमरची डबी, तिचा अडॅप्टर आणि हातभर लांबीची लॅन केबल घेऊन ओसरीत जा. अ‍ॅम्प्लिफायर उचलून न्यायची गरज नाही, पाठ धराल. डबी केबलने थेट राउटरला जोडा, मोबाइलवर एखादी लांबलचक मैफल लावा आणि सात ते नऊ या वेळात गाण्याचे सेकंद पुढे सरकतात की अडतात एवढंच पाहा. आवाज नसला तरी घड्याळ खोटं बोलत नाही. इथेही अडलं तर दोष बाहेरून येणाऱ्या नेटच्या लाइनचा. तेव्हा राउटरवरचा ‘एलओएस’ (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल होतो का तेही बघून ठेवा. झाला तर फायबर कुठेतरी तुटलाय किंवा चिमटलाय. संध्याकाळी सातला सगळं गाव मोबाइल उघडून बसतं, त्यामुळे नेटची लाइनच दमत असण्याचीही शक्यता आहे. मग मात्र नेटवाल्याला दुपारी नको, सात वाजताच बोलवा. चहा पाजा आणि घड्याळ दाखवा.

केबलवर दोन तास बिनबोभाट चाललं तर नेटची लाइन निर्दोष. दोष अंगणात आहे.

अंगणातला दोष मोजताही येतो. मोबाइलवर वाय-फायची ताकद दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. आकडा उणे चिन्हासह येतो, डीबीएम या मापात. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत गाण्याला ठीक, उणे ७० ला काठावर, उणे ८० ला गाणं थांबणारच. हे माप लबाड आहे, गुरुजी, तुम्ही गणित शिकवलं असेल तर मजा वाटेल. दहाने आकडा खाली गेला की ताकद एक दशांश उरते. उणे ५० वरून उणे ८० म्हणजे तीस गुण कमी नव्हेत, हजारावा हिस्सा. मोबाइल स्ट्रीमरच्या जागेवर ठेवा, आकडा लिहा. कूलर खिडकीत असताना एकदा, काढून एकदा. दार लावून, कारण रात्री दार लावूनच ऐकता ना?

मोजताना वाय-फायच्या नावाकडेही लक्ष द्या. हल्लीचे बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि बऱ्याचदा दोघींना एकच नाव देतात. पाच वेगवान पण नाजूक, भिंत दिसली की बसते. २.४ सावकाश, पण भिंत ओलांडते. शहरातले सल्लागार सरसकट सांगतात की पाच वापरा, आणि त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे: नागपूरच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये वीस घरांचे वीस राउटर २.४ वर एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात. तुमच्या खेड्यात शेजारचं वाय-फाय किती? एखादं, फार तर दोन. तुमच्यासाठी २.४ ची सडक मोकळी पडली आहे. पोराने दिवाळीत डबी राउटरजवळ बसून जोडली असेल तर ती पाचलाच चिकटली असणार, आणि आता अंगणापलीकडून तिचा पदर सोडत नसेल. (काही जुने-स्वस्त स्ट्रीमर फक्त २.४ च जाणतात, त्यांचा हा प्रश्नच नाही.)

उपाय पोराला फोनवरून सांगता येईल. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्यायला लावा आणि स्ट्रीमरला २.४ चं नाव द्या. नाव आणि पासवर्ड साधे ठेवा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. देवनागरी नाव, मधली मोकळी जागा किंवा विचित्र चिन्हं काही उपकरणांना पचत नाहीत. तिथेच २.४ चं चॅनेल, म्हणजे त्या सडकेवरची पट्टी, ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी एक पक्का करा. हे तिघे एकमेकांच्या हद्दीत शिरत नाहीत. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३ असेल आणि डबी जुनी असेल तर डब्ल्यूपीए-२ वर आणा. सेटिंग बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

आता राउटरच्या जागेबद्दल. ज्वारीची कोठी पत्र्याची असणार. तिच्यामागे राउटर टांगणं म्हणजे कंदिलावर पातेलं पालथं घालणं. हात दीड हात वर सरकवा, कोठीच्या डोक्यावरून तुमची खिडकी दिसेल असा. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर मात्र जपून. आत काच असते, तिला काटकोनात मोडलं की पुन्हा नेटवाल्याचे पाय धरा. आणि टिनाच्या अगदी खाली टांगू नका. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ होतं, टिनाखाली त्याहून जास्त. दुपारी तापलेला राउटर संध्याकाळी चक्रावल्यासारखा वागतो. हात लावून पाहा. चटका बसला तर तुमचं सातचं कोडं कदाचित तिथेच सुटेल.

विजेचाही एक प्रश्न विचारते. कूलरचं बटण दाबलं की खोलीतला बल्ब क्षणभर मंदावतो का? आणि कूलर, अ‍ॅम्प्लिफायर, स्ट्रीमर हे तिघे एकाच बोर्डावर आहेत का? मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते, त्यात संध्याकाळी डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्या गावाचा भार. तेवढ्या झोल्यात छोटी डबी बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते. गाणं थांबतं तेव्हा तिच्या दिव्याकडे बघा. सुरुवातीसारखा लुकलुकायला लागला तर वाय-फायला दोष देऊ नका. डबीला वेगळा बोर्ड द्या, आणि तिच्यासोबत आलेलाच अडॅप्टर लावा. नातवाच्या मोबाइलचा चार्जर पिनला बसतो म्हणून चालतोच असं नाही.

आता दुसरं दुखणं, लाइन आल्यावर डबी न सापडणं. हे घराघरांत आहे, विशेषतः जिथे लाइन दिवसातून चारदा जाते. होतं असं: लाइन आली की राउटर आणि स्ट्रीमर एकदमच जागे होतात. राउटरला फायबर पकडून कामाला लागायला दोन-चार मिनिटं लागतात. स्ट्रीमर त्याआधीच तयार होऊन दारात उभा, आणि पत्ता देणारं कोणी नाही. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक आकडी पत्ता देतो. तो मिळाला नाही की डबी स्वतःच्या मनाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसते. मोबाइल तिला जुन्या गल्लीत शोधतो, ती भलत्याच गल्लीत. सोपा इलाज: लाइन गेली की स्ट्रीमरचं बटण बंद. आल्यावर राउटरचे दिवे स्थिर होईपर्यंत पाच मिनिटं थांबा, मग डबी सुरू करा. दरवेळी डबी रीसेट करून नव्याने जोडण्याची गरज नसते, ती सवय सोडा.

कायमचा इलाज म्हणजे राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. लाइन गेली तरी राउटर झोपतच नाही. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. सोबत पोराला सांगून राउटरमध्ये स्ट्रीमरचा पत्ता राखून ठेवा, म्हणजे डबीला दरवेळी तोच मिळेल.

तरीही मोबाइलला डबी दिसली नाही तर तिसरा टप्पा बघा, म्हणजे मोबाइल. बऱ्याच सेवांमध्ये मोबाइल नुसता हुकूम सोडतो, गाणं स्ट्रीमर स्वतः आणतो. ओळखायची खूण: गाणं चालू असताना मोबाइल घेऊन वावरात जा. खोलीत गाणं चालूच राहिलं तर मोबाइल फक्त रिमोट आहे. पण हुकूम पोचायला दोघे एकाच नेटवर्कवर हवेत. तुमचा मोबाइल वाय-फाय सोडून गुपचूप सिमच्या डेटावर गेला असेल, किंवा ‘गेस्ट’ नावाच्या वाय-फायला जोडला असेल, तर डबी दोन फुटांवर असून दिसणार नाही. गेस्टचं कामच पाहुण्याला आतली खोली न दाखवण्याचं. मोबाइल २.४ वर आणि डबी ५ वर, किंवा उलट, असलं तरी सहसा अडत नाही. नातवाने मधे दुसरा राउटर लावून ठेवला असेल आणि तो स्वतःचे वेगळे पत्ते वाटत असेल तर मात्र अडतं.

नवा राउटर घ्यावा का? माझं स्पष्ट मत, आत्ता नको. पत्र्यामागे आणि पाण्यापलीकडे ठेवलेला महागडा राउटरही तेच करणार. दुकानदार रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पकडून पुढे सोडणारी डबी, सुचवेल. घ्या हवं तर, पण माझ्यासारखं करू नका. माझ्या माहेरी, वर्ध्याकडे, असंच मातीचं घर. मी हौसेने रिपीटर नेला आणि ज्या खोलीत सिग्नल येत नव्हता त्याच खोलीत लावला. त्याने न येणारा सिग्नल इमानेइतबारे पुन्हा प्रसारित केला. वडील आठवडाभर हसत होते. रिपीटरची जागा निम्म्या वाटेवर, जिथे आकडा अजून उणे ६० च्या आसपास आहे तिथे. तुमच्याकडे अंगणाच्या बाजूच्या भिंतीत देवळी असेल तर तीच. रिपीटर वेग साधारण निम्मा करतो, पण आपल्याला दीड मेगाबिट पुरतात हे वर पाहिलंच.

पैसे खर्च करायचेच असतील तर मी केबलवर करीन. ओसरीपासून खोलीपर्यंत कॅट-६ जातीची लॅन केबल, एका दमात १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला पंचवीस-तीस पुरेल. दुकानात विचारा, आत शुद्ध तांबं आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. दुसरं स्वस्त असतं आणि काडीसारखं मोडतं. अंगणातला भाग पाइपातून न्या, नाहीतर उन्हाने सालपट निघेल आणि उंदीर उरलेलं बघतील. एक धोका मात्र तांब्याच्या तारेला आहेच: वीज. मिरग लागला, ढग गडगडायला लागले की केबल दोन्ही टोकांना काढून ठेवायची. वायरने जोडलेलं गाणं कूलरला भीत नाही, पण आभाळाला भ्यायलाच हवं.

हे सगळं होईपर्यंतची सोय: डबीच्या मागे पेन ड्राइव्हची खाच आहे का पाहा. असली तर पोराला तुमच्या आवडीची गाणी भरून पाठवायला सांगा. लाइन असली की झालं, नेट गेलं तरी भीमसेनजी थांबणार नाहीत. काकूंनाही ते टेपच्या जवळचं वाटेल.

आणि कूलर दुसऱ्या खिडकीत हलवायला काकू तयार नसतील (गारवा कुठे येतो हे त्यांनाच ठाऊक असणार, वाद घालू नका), तर डबी हलवा. अ‍ॅम्प्लिफायर तिथेच राहू दे, डबीपासून त्याला जाणारी वायर तीन-चार मीटरची घ्या आणि डबी अंगणाच्या दाराजवळ, माणसाच्या उंचीला ठेवा. दाराची फळी लाकडी आहे ना? मग तिथला आकडा मला लिहून कळवा, कूलर चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही.